राहिलेला हिशेब

गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारची वंदना आटोपली होती, सतरंज्या गोळा करणे चालू होते. तेवढ्यात वस्तीतल्या एक बाई आपल्या मुलाला पुढे घालून आल्या. बाई चार घरची धुणीभांडी करतात, मुलगा अकरावीला आहे.

"जय भीम, भाऊ," बाई म्हणाल्या. "तुमची पोरगी अमेरिकेला गेली होती ना, त्या कॉम्प्युटरवाल्यांच्या परिषदेला? हा पण म्हणतोय अर्ज भरतो. मला एवढंच सांगा, तिथं जाऊन मिळतं काय? नोकरी देतात का?"

नोकरी देत नाहीत, हे आम्ही लगेच सांगितले. मग काय देतात, ते मात्र धड सांगता येईना. जाकीट देतात, बिल्ले देतात, असे काहीबाही आम्ही बोललो. बाईंनी मान हलवली, पण त्यांचे समाधान झाले नाही हे आम्हाला कळले.

आम्ही पेशाने कारकून, शिक्षणाने बी.कॉम. २०१९ साली परत आल्यावर आठव्या दिवशी जमाखर्चाचा कागद आम्ही विहाराच्या फळ्यावर लावला होता. एकसष्ट घरांची वर्गणी, पतपेढीचे कर्ज, विमानाची तिकिटे, व्हिसाची फी, सगळे पैपैसकट. पण त्या पैशांतून घरी आणले काय, हा दुसरा हिशेब राहूनच गेला. तो आज मांडतो.

आधी एक कबुली द्यायची आहे. त्या परिषदेच्या दाराच्या आत आमचे पाऊल पडलेले नाही. आत गेली ती आमची थोरली लेक. आम्ही पाचही दिवस बाहेर होतो. तेव्हा वस्तीत जे म्हणतात की आम्ही परिषद पाहून आलो, ते अर्धेच खरे आहे.

परिषद अ‍ॅपल कंपनीची, म्हणजे आयफोन बनवणारी ती. नाव लांबलचक आहे, सगळे डब्ल्यूडब्ल्यूडीसी म्हणतात. दरवर्षी जून महिन्यात ही कंपनी जगभरच्या प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना बोलावते आणि आपल्या फोनमध्ये व संगणकात पुढे काय बदल होणार ते दाखवते. फोनमधला हा बदल लोकांच्या हाती पडतो सप्टेंबरच्या सुमाराला. पण त्या फोनवर चालणारी बँकेची, प्रवासाची, अभ्यासाची जी अ‍ॅप लोकांनी लिहिलेली असतात, ती नव्या बदलाप्रमाणे दुरुस्त करून घ्यायला वेळ लागतो. म्हणून तीन महिने आधी ही शाळा भरते. शाळाच म्हणायची, कारण पाच दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत वर्ग चालत. २०१७ ते २०१९ ही तीन वर्षे ती कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरात, मॅकेनरी कन्व्हेन्शन सेंटर नावाच्या भल्यामोठ्या इमारतीत भरली. आम्ही गेलो ते वर्ष तिथले शेवटचे, ३ ते ७ जून २०१९.

तिकीट १,५९९ डॉलर. त्या वेळच्या भावाने एक लाख दहा हजार रुपयांच्या वर. बरे, पैसे असले म्हणून तिकीट मिळेलच असेही नाही. २०१३ साली सगळी तिकिटे दोन मिनिटांत संपली, तेव्हा पुढच्या वर्षापासून कंपनीने सोडत काढायला सुरुवात केली. आपल्याकडे म्हाडाच्या घरांची निघते तशी.

विद्यार्थ्यांसाठी मात्र वेगळी वाट होती. त्या वर्षी जगभरातून साडेतीनशेपर्यंत मुलांना शिष्यवृत्ती द्यायची होती. तिच्यात तिकीट आणि राहण्याची सोय. विमानभाडे ज्याचे त्याने पाहायचे. त्यासाठी स्विफ्ट नावाच्या संगणकी भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहून पाठवायचा, आणि तपासणाऱ्याला तो तीन मिनिटांत अनुभवता आला पाहिजे. वशिला नाही, मुलाखत नाही.

आमची लेक तेव्हा एकोणीस वर्षांची, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. यंत्र जुन्या बाजारातून घेतलेले, तेही पतपेढीच्या हप्त्यावर. आमची आई विहारातल्या प्रौढ वर्गात साठी ओलांडल्यावर अक्षरे शिकली. पाटीवर बोटाने गिरवत बसायची. लेकीने तेच पडद्यावर आणले. अक्षर दिसते, ते गिरवायचे, नीट गिरवले की पुढचे येते. अक्षरे झाली की शब्द. शब्दात किती अक्षरे आहेत ते आधी ठिपक्यांनी दाखवायचे: 'घर' या शब्दाला दोन ठिपके, 'रमा'ला दोन, 'सकाळ'ला तीन. अर्ज पाठवायच्या आदल्या रात्री तिने यादीतून 'बुद्ध', 'वस्ती', 'रस्ता' हे शब्द काढून टाकले. का काढले, हे आम्ही विचारले नाही आणि तिनेही सांगितले नाही.

एप्रिलमध्ये निवड झाल्याचे पत्र ई-मेलने आले. आई म्हणाली, "माझ्या पाटीला बक्षीस मिळालं म्हणायचं." घरात हसणे झाले, पेढे झाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही विमानाचे भाडे विचारायला गेलो.

सामाजिक कामात आम्ही वीस वर्षे वर्गणीच्या पावत्या फाडत आलो. जयंतीची, अभ्यासिकेची, आजारपणाची. पण स्वतःच्या घरासाठी पावतीपुस्तक हाती धरायचे म्हणजे हात जड होतो. आम्ही नाहीच म्हणत होतो. महिला मंडळाने आम्हाला न विचारता परस्पर सुरुवात केली. स्टेशनबाहेर भाजी विकणाऱ्या मावशींनी पन्नास रुपये दिले आणि पावती मागितली. एकूण ४३,६५० रुपये जमले. बाकीचे पतपेढीचे कर्ज. ते २०२२ मध्ये फिटले.

कर्ज एवढे का झाले, तेही सांगितले पाहिजे. लेकीला एकटीला पाठवायला तिची आई तयार नव्हती. "तुम्ही बरोबर जात असाल तर जाईल, नाहीतर घरीच बरी," असे तिने निक्षून सांगितले, आणि खरे बोलायचे तर आम्हालाही तेच हवे होते. मग दोन तिकिटे, दोन व्हिसा, माणशी १६० डॉलर फी, कार्यालयाकडून परदेशी जाण्याची परवानगी, अर्जित रजा. आज वाटते, निम्मे कर्ज आमच्या भीतीपायी झाले. साडेतीनशे मुलांत एकट्या आलेल्या मुली कितीतरी होत्या.

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीत आम्ही कागदांची फाइल घेऊन गेलो होतो. साहेबांनी लेकीला दोन प्रश्न विचारले, आम्हाला एक. फाइल उघडलीच नाही.

सॅन होजेमध्ये लेकीची सोय विद्यापीठाच्या वसतिगृहात होती. आम्ही शेजारच्या सांता क्लारा गावी ओळखीतल्या एका आंबेडकरी कुटुंबाकडे उतरलो. परिषदेचा पहिला दिवस सोमवार. सकाळी दहाला उद्घाटनाचे भाषण, पण आतल्या चांगल्या जागेसाठी मुले पहाटेपासून रांग लावतात असे ऐकले होते. ती रांग पाहावी म्हणून आम्ही पहाटेची बावीस नंबरची बस धरली.

बसमध्ये चढलो आणि थबकलो. मागच्या निम्म्या बाकांवर माणसे झोपलेली. गाठोडी पायाशी, टोपी डोळ्यांवर. कामावर जाणाऱ्यांची डुलकी असते तशी ती झोप नव्हती. संध्याकाळी यजमानांनी खुलासा केला. ही बस तेव्हा रात्रभर चालायची, आणि घर नसलेली माणसे तिकीट काढून रात्र तिच्यात काढायची. लोक तिला 'हॉटेल बावीस' म्हणत. २०१४ साली त्यावर एक माहितीपटही निघाला. जगातल्या सगळ्यात श्रीमंत कंपन्यांची कचेरी ज्या भागात, त्याच भागातली ही बस.

इमारतीबाहेरची रांग मात्र पाहण्यासारखी होती. हजारो तरुण, पाठीला पिशव्या, गळ्यात नावाची कार्डे, रस्त्याच्या कडेला मांडी घालून बसलेले. लेक रांगेत सापडली. शिष्यवृत्तीवाल्यांना दिलेले जाकीट अंगात होते. तिच्या पुढे ब्राझीलचा मुलगा, मागे कोरियाची मुलगी. आम्ही तिला घरून आणलेल्या शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा दिला. तिने तो दोघांना उघडून दाखवला आणि मागे वळून न पाहता पुढे सरकली.

उद्घाटनाचे भाषण कंपनी जगभर फुकट दाखवते. आम्ही ते जवळच्या ग्रंथालयात बसून फोनवर पाहिले. ग्रंथालयाला नाव डॉ. मार्टिन लूथर किंग यांचे. शहर आणि विद्यापीठ या दोघांनी मिळून २००३ साली बांधलेले, अनेक मजली. दारात कोणी ओळखपत्र विचारले नाही. आमच्या शेजारच्या खुर्चीत एक वृद्ध गृहस्थ पायाशी तीन पिशव्या ठेवून वर्तमानपत्र वाचत होते. पहाटेच्या बसमधलेच असावेत असे आम्हाला वाटले, पण विचारणार कसे?

भाषण दोन तासांहून जास्त चालले. त्यातले अर्धे आमच्या डोक्यावरून गेले. कळले ते एवढे. एक नवा संगणक आला, किंमत ५,९९९ डॉलर. त्याला जोडायचा पडदा ४,९९९ डॉलर. आणि तो पडदा ज्यावर उभा राहणार तो स्टँड वेगळा घ्यायचा, ९९९ डॉलर. हा आकडा उच्चारला आणि भरल्या सभागृहात जी कुजबुज उठली, ती आम्हाला फोनमधूनही ऐकू आली. आम्ही कारकून, हात आपोआप कागदाकडे गेला. सत्तर हजार रुपये. आमची एकसष्ट घरे मिळून तो स्टँड येत नव्हता.

पण ज्याच्यावर मोठी टाळी पडली ती वस्तू अशी नव्हती. स्विफ्टयूआय नावाची प्रोग्रॅम लिहिण्याची नवी रीत दाखवली. पडदाभर ओळींचे काम मूठभर ओळींत. ती टाळी कष्ट वाचल्याची होती, हे आम्हालाही समजले. आणखी एक लक्षात राहिले. हातपाय हलवू न शकणारा एक माणूस केवळ बोलून संगणक आणि फोन चालवतो आहे, अशी छोटी फिल्म दाखवली. शेजारचे वृद्ध गृहस्थही वाकून पाहू लागले. आम्ही फोन त्यांच्याकडे तिरका केला.

त्याच नव्या प्रणालीत राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सर्व बावीस भाषांचे कळफलक येणार, असे नंतर लेकीने सांगितले. मराठीचा आधीपासून होता. संथाली, बोडो, मैथिली अशा भाषांच्या पंधरा कळफलकांची त्यात भर पडली. आम्ही लगेच विचारले, पालीचे काय? पाली अनुसूचीतच नाही, तर यादीत येणार कुठून!

आता मुख्य गोष्टीकडे येतो. मंगळवारी संध्याकाळी लेक बाहेर आली. आम्ही जवळच्या बागेत बसलो होतो. बागेला सीझर चावेझ यांचे नाव आहे. शेतमजुरांचे पुढारी, याच शहराच्या गरीब वस्तीत राहून काम सुरू केलेले. लेकीला विचारले, आज किती व्याख्याने ऐकली? म्हणाली, एक. आमचा पारा चढला. "एवढं कर्ज काढून आलो आणि एक? मग दिवसभर केलंस काय?"

"रांगेत होते, पप्पा."

"कसली रांग?"

तेव्हा तिने समजावले. व्याख्यानांच्या फिती कंपनी लगेच सगळ्यांसाठी खुल्या करते. त्या कल्याणच्या घरात बसूनही फुकट पाहता येतात. घरी बसून मिळत नाही ती लॅब. लॅब म्हणजे काचेच्या नळ्या नव्हेत. मोठ्या दालनात टेबले मांडलेली, आणि टेबलांपाशी कंपनीचे इंजिनिअर. फोनचा जो भाग ज्यांनी स्वतः लिहिला, तेच त्या टेबलाशी. आपला प्रोग्रॅम घेऊन जायचे, समोर ठेवायचा आणि विचारायचे. १,५९९ डॉलर लोक मोजतात ते खरे म्हणजे या टेबलापर्यंत पोचण्यासाठी.

"मग विचारलंस का?"

ती गप्प. मग म्हणाली, "नंबर आला तेव्हा मी बाजूला झाले. मागच्याला पुढे जाऊ दिलं."

हे ऐकून आम्ही रागावलो नाही, कारण राग कोणावर काढायचा ते आम्हाला ठाऊक होते. लेक अकरावीत असताना एका शिक्षकांनी भर वर्गात तिची शंका उडवून लावली होती. तुमच्यासाठी कट-ऑफ वेगळा, मग शंका कशाला एवढ्या, असे काहीतरी. ती रडत घरी आली. त्या दिवशी आम्ही कॉलेजात जाऊन भांडायला हवे होते. मोर्च्यात पुढे असणारे आम्ही, पण पोरीचे वर्ष वाया जाईल या धास्तीने तिला म्हणालो, "गप्प बसायचं. कुणाला काही विचारायचं नाही. मार्क आण, मार्कच बोलतील." तिने तसेच केले. मार्क आणले. विचारणे मात्र त्या दिवसापासून बंद झाले. शिक्षकांचे वाक्य ती एखादवेळी विसरलीही असती. आमचे वाक्य रोज तिच्याबरोबर होते.

बागेच्या बाकावर आम्ही तिला हे बोललो. चुकलो म्हणालो. मुलांपुढे असे बोलायची सवय नसते, शब्द नीट लागले नाहीत. ती म्हणाली, "जाऊ द्या पप्पा, उद्या बघते."

बुधवारीही झाले नाही. रांग लांब होती, वेळ संपली.

बुधवारी रात्री तिने आम्हाला विद्यापीठातला एक पुतळा दाखवला. टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस, या विद्यापीठाचे दोन काळे धावपटू. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये दोनशे मीटरच्या शर्यतीत सुवर्ण आणि कांस्य पदक घेताना, राष्ट्रगीत चालू असता, त्यांनी काळा हातमोजा घातलेली मूठ उंचावली. आपल्या लोकांची गरिबी दिसावी म्हणून पायात बूट नव्हते, नुसते काळे मोजे. दोघांना संघातून काढून परत पाठवले. २००५ साली त्याच विद्यापीठाने त्यांचा दोन पुरुष उंचीहूनही मोठा पुतळा उभारला. त्यात रौप्यपदकाची जागा रिकामी आहे. ते पदक पीटर नॉर्मन या गोऱ्या ऑस्ट्रेलियन धावपटूचे. त्यानेही त्या दिवशी छातीवर मानवी हक्कांचा बिल्ला लावला होता. पुतळ्यात आपली जागा मोकळी ठेवा, येणाऱ्याला तिथे उभे राहता येईल, असे त्याचेच म्हणणे. लेक त्या जागेवर चढून उभी राहिली. आम्ही फोटो काढला. अंधारामुळे तो नीट आला नाही.

गुरुवारी दुपारी ती ग्रंथालयात आली ती धावतच. आम्ही हळू बोल म्हणून खूण केली, पण तिला दम कुठला!

ती सकाळीच रांगेत उभी राहिली होती. प्रश्न वहीत इंग्रजीत तीन ओळींत लिहून नेला होता, तोंडाने फुटला नाही तर वही पुढे करता यावी म्हणून. टेबलाशी पन्नाशीच्या एक बाई होत्या. लेकीने 'बुद्ध' शब्द लिहिला आणि विचारले, "माझी आजी या शब्दात दोन अक्षरं मोजते. माझा प्रोग्रॅम तीन ठिपके दाखवतो. माझं कुठे चुकतं?"

तर हा तो शब्द, अर्जाच्या आदल्या रात्री काढून टाकलेला. आपल्याला जमत नाही म्हणून तिने जोडाक्षरांचे सगळे शब्द लपवले होते, आणि तीन महिने तेच मनात घेऊन फिरत होती.

बाईंनी तिला शब्द मोठ्याने म्हणायला लावला. मग कागदावर तुकडे पाडले. बु, एक. द् म्हणजे पाय मोडलेला द, दोन. ध, तीन. यंत्र हलन्तापाशी शब्द तोडते म्हणून तीन होतात. हा नियम ना तिचा, ना कंपनीचा. जगातल्या सगळ्या लिप्यांना संगणकात जागा देणारी युनिकोड नावाची व्यवस्था आहे, तिचा तो त्या वेळचा सर्वसाधारण नियम. आणि तो सरसकट बदलून चालणार नाही, कारण तमिळमध्ये टिंब दिलेले व्यंजन स्वतंत्र अक्षरच मोजतात. तिथे तोडणेच बरोबर. मग बाईंनी उपाय दाखवला. तुकडा हलन्ताने संपला की पुढच्याला शिवून टाकायचा. सातआठ ओळी. लेकीने तिथेच लिहिल्या, चालवून पाहिल्या. दोन ठिपके आले.

"आणि शेवटी काय म्हणाल्या सांगू पप्पा? म्हणाल्या, तुझी आजी बरोबर मोजते."

एवढे बोलून ती टेबलावर डोके ठेवून बसली. आम्ही खिडकीबाहेर पाहत राहिलो.

त्या दिवसापासून शुक्रवारी संध्याकाळपर्यंत ती आणखी पाच टेबलांशी जाऊन आली. एका ठिकाणी तिचीच चूक निघाली, अगदी साधी. तीही तिने आम्हाला हसत सांगितली.

शुक्रवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर एक मराठी गृहस्थ भेटले. कार्डावरचे नाव वाचून खूश झाले. मग नेहमीची चौकशी. मूळ गाव कोणते, गावात घर कोणत्या बाजूला, हे आडनाव तुमच्यातही असते का? सात समुद्र ओलांडले तरी ही चौकशी बोटीतून उतरत नाही. दोन दिवसांपूर्वीची लेक असती तर ताटात पाहत बसली असती. तिने सरळ सांगितले, आम्ही बौद्ध आहोत. गृहस्थ म्हणाले, हो का, छान छान, आणि कॉफी आणायला गेले ते परत आले नाहीत. आमच्या यजमानांच्या घरी हा विषय रात्रभर चालला. तिथे नोकरीत आडनाव सांगताना काय काय करावे लागते ते त्यांनी सांगितले. पुढे २०२२ मध्ये बातमी आली की अ‍ॅपल कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांच्या नियमांत जातीवरून भेदभाव करू नये असे जात या शब्दासकट लिहिले आहे, तेही सुमारे दोन वर्षे आधीच. लेकीने ते कात्रण जपून ठेवले आहे.

घरी आल्यावर आईपुढे यंत्र ठेवले. तिने 'बुद्ध'वरचे दोन ठिपके पाहिले. "मग आधी तीन कशाला दाखवत होतं?" म्हणाली. लेकीने सगळे समजावले. आईला त्यात विशेष काही वाटले नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिकोडची १५.१ ही आवृत्ती निघाली. तिच्यात देवनागरी, बंगाली, गुजराती वगैरे लिप्यांसाठी जोडाक्षर न तोडण्याचा नियम आला. आमच्या लेकीमुळे आला असे कोणी समजू नये. जाणती माणसे त्या कामात आधीपासून होती.

मागच्या शनिवारी आम्ही त्या बाईंच्या घरी गेलो आणि हे सगळे सांगितले. हेही सांगितले की आता पूर्वीसारखे राहिलेले नाही. २०२० मध्ये साथीमुळे परिषद घरबसल्या पडद्यावर झाली. २०२२ पासून थोड्या लोकांना क्युपर्टिनोला, कंपनीच्या मुख्य कचेरीत बोलावतात. विद्यार्थ्यांच्या स्पर्धेला आता स्विफ्ट स्टुडंट चॅलेंज म्हणतात. साडेतीनशे निवडतात, आणि २०२४ पासून त्यांतल्या पन्नास जणांना तीन दिवसांसाठी तिकडे बोलावणे येते. म्हणजे निवड होऊनही जाणे होईलच असे नाही. अर्ज अलीकडे फेब्रुवारीत असतो, त्याला फी नाही. प्रोग्रॅम इंटरनेटशिवाय चालला पाहिजे, मजकूर इंग्रजीत हवा. आमच्या लेकीचे जुने यंत्र आता त्या कामाचे नाही. पण ती नोकरीला लागली आहे, रविवारी विहारात येताना आपले यंत्र घेऊन येईल, मुलाने तिथे बसावे.

बाई ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे भाऊ, एवढं लांब जाऊन त्या बाईनं सांगितलं काय, तर आजी बरोबर आहे?"

"हो. तेच."

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मुलगा आतल्या खोलीच्या दारात उभा होता.

"भरू दे मग अर्ज," बाई म्हणाल्या. "आणि नंबर लागला तर वर्गणी नको काढायला. माझी भिशी मार्चमध्ये उठतेय."